टीव्हीवरची हिंसा आणि घरातली मुले: कुलूप लावण्याआधी काय करावे, नंतर काय करावे

पालकसभेत टीव्हीचा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली असते: "बाई, चॅनल लॉक केले, रिमोट कपाटावर ठेवला, तरी पोरगा मारामारीच करतो." गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिकच्या वर्गांना शिकवताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता मी उलट एवढेच विचारते: घरात काय लागते हे तुम्ही कधी लिहून काढले आहे का? उत्तर बहुधा नाही असेच येते. शेवटी करायचे काम आधी उरकलेले असते आणि आधी करायचे राहून गेलेले असते. चॅनलला कुलूप लावणे या लेखात पाचव्या टप्प्यावर येते, आणि ते तिथेच का येते हे पहिले चार टप्पे पार पाडल्यावर लक्षात येईल.

सुरुवात करण्यापूर्वी चार गोष्टी जमवाव्यात: एक साधी वही, सेट-टॉप बॉक्सचा आणि टीव्हीचा असे दोन्ही रिमोट, जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक, आणि साधारण चार आठवड्यांचा धीर. मोबाइल क्रमांकाची चौकशी आताच करावी, कारण आपल्याकडे जोडणी पुष्कळदा आजोबांच्या किंवा आखातात असलेल्या भावाच्या नावावर असते, आणि पिन बदलायच्या वेळी ओटीपी तिकडे जाऊन बसतो.

## टप्पा १: सात दिवस काहीही न बदलता नोंद ठेवणे

पहिल्या आठवड्यात घरातील एकही सवय बदलू नये. वहीत पाच रकाने आखावेत: वेळ, टीव्हीवर काय चालू होते, रिमोट कोणाच्या हातात होता, मूल कुठे होते, आणि पुढच्या तासाभरात मुलाने काय केले. यातला चौथा रकाना लोक हमखास मोकळा सोडतात. टीव्ही सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या खोलीत असतो, मूल आतल्या खोलीत गृहपाठ करत असते, म्हणून ते टीव्ही बघत नाही असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किंकाळी, काच फुटण्याचा आवाज आणि दबा धरून येणाऱ्या माणसाचे संगीत आत स्पष्ट पोचते, आणि चित्र न दिसल्यामुळे पाच वर्षांचे मूल ते चित्र स्वतःच्या मनाने तयार करते.

माझ्या स्वतःच्या घरच्या वहीत गुरुवारच्या पानावर असे निघाले होते. सव्वासात: मालिका, रिमोट आजीकडे, मुलगी सोप्याच्या पायरीवर पाढे लिहिते आहे, मालिकेत दुधात काहीतरी कालवले जात आहे. साडेसात: जाहिरातींच्या मध्ये रात्रीच्या चित्रपटाची झलक, गळ्यावर सुरी. आठ: बातम्या, रिमोट माझ्याकडे, अपघाताची तीच चित्रफीत चार वेळा. सबंध आठवड्यात मुलीच्या हातात रिमोट दोनदाच गेला होता, आणि दोन्ही वेळा तिने कार्टून लावले होते. कुलूप कार्टूनच्या चॅनलला लावण्याचा माझा बेत त्या रात्रीच मोडला.

नोंद करताना या जागा सुटू देऊ नयेत: दुपारी हिंदी चित्रपट वाहिन्यांवर लागणारे डब केलेले दाक्षिणात्य मारधाडीचे चित्रपट, गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर दाखवणारे कार्यक्रम, कुस्तीच्या नावाखाली चालणारी खुर्च्या-टेबलांची मारामारी, आणि कोणत्याही निरुपद्रवी कार्यक्रमाच्या मध्ये अचानक येणाऱ्या झलकी. झलक वीस-तीस सेकंदांची असते, पण तिच्यात सबंध चित्रपटातले सगळ्यात भयंकर प्रसंग एकत्र केलेले असतात आणि त्यांच्या मागची गोष्ट नसते, म्हणून लहान मुलाला त्या प्रसंगांचा अर्थ लावता येत नाही.

इशारा: मुलाला शेजारी बसवून "काल काय पाहिलेस?" अशी उलटतपासणी करू नये. दुसऱ्या दिवसापासून ते लपवायला लागते आणि वही निरुपयोगी होते.

तपासणी: सातव्या दिवशी वही मिटून सांगता यायला हवे की सर्वांत जास्त हिंसा कोणत्या वेळी, कोणत्या कार्यक्रमातून आणि कोणाच्या हातात रिमोट असताना घरात आली. सांगता आले नाही तर आणखी चार दिवस लिहावे.

## टप्पा २: कोणत्या हिंसेचा त्रास किती, हे ठरवणे

सगळी मारामारी एका मापाने मोजल्यामुळे घरात दोन टोके तयार होतात. एखाद्या घरात उंदीर-मांजराच्या पाठलागावरही बंदी असते, तर शेजारच्या घरात "पडद्यावरचे खोटेच असते" म्हणून सगळेच चालते. वहीतल्या प्रत्येक नोंदीला पाच प्रश्न लावले म्हणजे तारतम्य येते: मारणारा नायक आहे की खलनायक? मारल्याबद्दल त्याला शाबासकी मिळते का? मार खाणाऱ्याला लागलेले, दुखलेले दिसते का? प्रसंगावर हसवले जाते का? आणि हे खरे घडलेले म्हणून दाखवले आहे का?

पहिले दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६० च्या दशकात हवा भरलेल्या बाहुलीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की चित्रफितीत बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली पाहणारी मुले त्याची नक्कल कमी करतात. पण त्यानंतर नक्कल केल्यास बक्षीस देऊ म्हटल्यावर त्याच मुलांनी इतर मुलांइतकीच नक्कल करून दाखवली. म्हणजे शिकायचे ते मूल दोन्ही वेळा शिकते. करायचे की नाही हे मात्र त्याला पुढे काय मिळेल असे वाटते त्यावर ठरते. म्हणून ज्याच्या प्रत्येक ठोशावर शिट्ट्या पडतात असा नायक हा खलनायकापेक्षा अधिक लक्ष देण्याजोगा असतो. मला विचाराल तर दुपारच्या डब चित्रपटातला तो उडत्या मोटारीवरून दहाजणांना लोळवणारा नायक हा रात्रीच्या भुतापेक्षा जास्त काळजीचा आहे, कारण भुताची नक्कल कोणी शाळेच्या मैदानात करत नाही.

वयाचा हिशेब असा धरावा. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला खरे आणि रचलेले यांतला फरक पक्का कळत नाही. जे दिसायला भयानक ते भयानक, एवढेच त्याला समजते, आणि "ते खोटे आहे" हे वाक्य त्याला पाठ होते पण उपयोगी पडत नाही. आठ ते बारा या वयात भीती उलटी होते. राक्षसाचे काही वाटेनासे होते, पण चोर घरात शिरला, आईचा अपघात झाला, मुलीला कोणी पळवून नेले, अशा घडू शकणाऱ्या गोष्टी मनात घर करतात. म्हणून या वयाला बातम्या सर्वांत जड जातात. तेरानंतर प्रश्न भीतीपेक्षा बोथट होण्याचा असतो, आणि तिथे कुलपापेक्षा वादविवाद कामाला येतो.

वहीतल्या नोंदींवर आता तीन प्रकारच्या खुणा कराव्यात: मुलासमोर अजिबात नको, मोठे माणूस सोबत असेल तरच, आणि चालेल. पहिल्या खुणेच्या नोंदी मोजक्याच निघतात असा माझा अनुभव आहे. त्या पाच-सहाच असल्या तरी काम तेवढ्यांवरच करायचे आहे.

## टप्पा ३: मोठ्यांची बैठक, मूल झोपल्यावर

हा टप्पा गाळल्यामुळे बाकीचे सगळे फुकट जाते. मुलाला नियम सांगण्यापूर्वी घरातील सर्व मोठ्या माणसांचे एकमत व्हावे लागते, आणि एकत्र कुटुंबात ते सासूबाईंच्या मालिकेपाशी किंवा आजोबांच्या बातम्यांपाशी येऊन अडते. ज्या वेळी मालिका चालू आहे त्याच वेळी हा विषय काढू नये, आणि वही दाखवताना दोष आपल्या नोंदीपासून सुरू करावा. "आई, तुमची मालिका बंद करा असे मी म्हणत नाही. आठच्या बातम्या मीच लावत होते, त्या मी सोडल्या. तेवढी सव्वासातची मालिका बाय झोपल्यावर बघता येईल का? तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतो, बाय त्या वेळी शाळेत असते." असे म्हटल्यावर ज्येष्ठ माणसांचा विरोध निम्म्यावर येतो, कारण त्यांची करमणूक त्यांच्याकडून हिरावली जात नाही, तिची वेळ फक्त सरकते. पुनःप्रक्षेपणाची वेळ आधी खात्री करून घ्यावी. ती चुकीची सांगितली तर पुढच्या बैठकीला कोणी बसत नाही.

बैठकीत एवढे ठरावे:

१. मूल जागे असताना बातम्यांचे चॅनल लागणार नाही. बातमी हवी असेल तर वर्तमानपत्र किंवा मूल झोपल्यावरचे एक बातमीपत्र.

२. कोणी बघत नसताना टीव्ही चालू राहणार नाही. स्वयंपाकघरात सोबत म्हणून आवाज हवा असेल तर रेडिओ लावावा.

३. टीव्हीची जागा जेवणाच्या पाटासमोरून किंवा मुलाच्या अभ्यासाच्या जागेसमोरून हलवावी. भिंतीवर ठोकलेला टीव्ही हलवणे अवघड असेल तर निदान अभ्यासाची जागा हलवावी.

४. ज्याच्या हातात रिमोट, त्याच्यावर मुलाकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी. आई घरात नाही म्हणून ती आईकडे राहत नाही.

हॉटेलात रात्रपाळी करणारे पालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहाटे घरी आलेला बाप दुपारी उठून सोप्यावर जो चित्रपट लावतो, तो शाळेतून आलेले मूल जेवताना पाहते. त्याला विसावा नको असे नाही. दप्तर घरात आले की चॅनल बदलायचा एवढाच करार त्याच्याशी करावा.

इशारा: एकमत न झालेला नियम मुलाला सांगूच नये. आजी परवानगी देते आणि आई देत नाही हे कळायला मुलाला एक संध्याकाळ पुरते.

## टप्पा ४: मुलाशी बोलणे, आणि काढले त्याच्या जागी काय ठेवायचे

किती वेळ, या प्रश्नाला अधिकृत उत्तरे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेली इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको, दोन ते पाच वयाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वयाला दोन तासांपेक्षा कमी असे सांगते. मोबाइल आणि टीव्ही यांचा वेळ एकत्र मोजायचा असतो, हे पालक सोयीस्करपणे विसरतात.

मात्र केवळ वेळ कापणे हा मार्ग टिकत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ५६५ कुटुंबांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांना टीव्ही कमी करायला सांगितलेच नव्हते. हिंसक कार्यक्रमांच्या जागी मदत, सहकार्य दाखवणारे कार्यक्रम लावायला सांगितले होते, आणि तेवढ्याने मुलांच्या वागण्यात मोजता येण्यासारखी सुधारणा दिसली. म्हणून आधी बदली ठरवावी, मग बंदी. प्राण्यांचे, स्वयंपाकाचे, हस्तकलेचे, रेल्वेगाड्यांचे, क्रिकेटचे असे आठ-दहा कार्यक्रम मुलासोबत निवडून त्यांची यादी फ्रिजवर लावावी. पावसाळ्यात, विशेषतः आषाढात, मुले दिवसभर घरात कोंडली जातात आणि यादी संपते. त्या दिवसांसाठी कॅरम, पत्ते आणि बाल्कांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) पावसाचे पाणी मोजायची बाटली असे काहीतरी हाताशी ठेवावे.

मुलाला नियम सांगताना ते तीनपेक्षा जास्त नसावेत आणि प्रत्येकाला कारण असावे. वेळेची मर्यादा घड्याळावर न ठेवता कार्यक्रमाच्या शेवटावर ठेवावी. गोष्ट अर्धवट असताना बंद केलेला टीव्ही हे भांडणाचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ते भांडण खरे म्हणजे हिंसेविषयी नसतेच.

"आई, वर्गात सगळे बघतात" हे वाक्य येणारच. त्याला "सगळे विहिरीत उडी मारतील" हे उत्तर देऊ नये. काय बघतात, त्यात काय होते, हे नीट ऐकून घ्यावे; वर्गातल्या गप्पांत बोलायला मुलाला त्या पात्राची नावे पुरतात, सबंध भाग बघावा लागत नाही.

## टप्पा ५: कुलूप, ठरावीक क्रमाने

हे काम मूल शाळेत असताना, एका बैठकीत करावे.

१. सेट-टॉप बॉक्सचा पिन बदलावा. कारखान्यातून येणारा पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो आणि तिसरीतल्या मुलाला तो माहीत असतो. नवा पिन जन्मवर्ष, गाडीचा क्रमांक किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे यांपैकी नसावा.

२. सेटिंगमधील पॅरेंटल लॉक किंवा चॅनल लॉक या भागात जाऊन दुसऱ्या टप्प्यात "अजिबात नको" अशी खूण झालेले चॅनल लॉक करावेत. वहीशिवाय हे करायला बसले तर माणूस अंदाजाने वीस चॅनल लॉक करतो, आजोबांची गैरसोय होते आणि पंधरवड्यात सगळे उघडले जाते.

३. लाडके चॅनल साठवण्याची सोय असेल तर मुलाच्या यादीतले चॅनल त्यात घालावेत, म्हणजे ते शोधताना मध्ये येणारे पन्नास चॅनल मुलाला ओलांडावे लागत नाहीत.

४. स्मार्ट टीव्ही असेल तर टीव्हीचा स्वतःचा पिन वेगळा असतो. सेट-टॉप बॉक्सचे कुलूप अ‍ॅपना लागू होत नाही. बहुतेक घरांत गफलत इथेच होते.

५. ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मुलाचे स्वतंत्र किड्स प्रोफाइल करावे आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा. दुसरी पायरी विसरली तर पहिलीचा उपयोग नाही, कारण मूल शेजारच्या चित्रावर बोट ठेवून मोठ्यांच्या खोलीत शिरते.

६. पुढचा भाग आपोआप सुरू होणे आणि झलक आपोआप वाजणे, या दोन्ही सोयी जिथे असतील तिथे बंद कराव्यात.

७. यूट्यूबसाठी मुलांचे वेगळे अ‍ॅप लावून वयोगट निवडावा. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे गट आहेत. हे अ‍ॅपही चाळणी आहे, भिंत नव्हे. लहान मुलांच्या चित्रांच्या वेषात विचित्र व्हिडिओ तिथून निसटतात.

वयाच्या खुणा वाचायलाही शिकावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा श्रेणी द्याव्या लागतात, आणि १३+ व त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलपाची सोय देणे सेवा पुरवणाऱ्यावर बंधनकारक आहे. चित्रपटांच्या प्रमाणपत्रातही २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधीच्या चित्रपटांवर नुसते यूए असते. यूए याचा अर्थ "मुलांना चालेल" असा नाही. पालकांनी ठरवावे, असा त्याचा अर्थ आहे, म्हणजे कायद्याने निर्णय तुमच्या हाती दिला आहे.

तपासणी: सगळे झाल्यावर टीव्ही मुख्य बटणापासून बंद करून पुन्हा चालू करावा आणि कुलूप लावलेला एक चॅनल, एक अ‍ॅप व एक चित्रपट उघडून पाहावा. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. परत आल्यावर बॉक्स कोणत्या चॅनलवर उघडतो तेही याच वेळी बघून ठेवावे.

इशारा: पिन टाकताना मूल मागे उभे नाही ना, हे पाहावे. रिमोटच्या बटणांवरून बोटे कशी फिरतात ते मुले तोंडपाठ करतात. तसेच घरातल्या कोणाच्याही मोबाइलचा हॉटस्पॉट आणि जुना, बाजूला पडलेला फोन ही कुलपाची मागची दारे आहेत.

## टप्पा ६: सोबत बसणे, आणि बसून काय बोलणे

दुसऱ्या खुणेच्या, म्हणजे "मोठे माणूस सोबत असेल तरच" या कार्यक्रमांसाठी हा टप्पा आहे. सोबत बसून स्वतः मोबाइल बघणे याला सोबत म्हणत नाहीत. उलट, मोठे माणूस शेजारी असून काहीच बोलत नसेल तर घडते आहे ते त्याला मान्य आहे, असाच अर्थ मूल काढते.

बोलणे थोडे असावे आणि प्रश्नाच्या रूपात असावे. "त्याला एवढे लागले, तर तो दवाखान्यात का जात नाही?" "हा पोलिसांकडे न जाता स्वतःच का मारतो आहे?" "तुझ्या वर्गात असे झाले तर बाई काय करतील?" दर प्रसंगाला प्रवचन दिले तर मूल पुढच्या वेळी शेजारी बसणार नाही.

पडद्यावरचे कसे तयार होते हे दाखवण्यासाठी आपल्याकडे एक सोय आहे आणि तिचा उपयोग फार कमी पालक करतात. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक असते. मुलाला नाटक सुरू होण्याआधी तासभर मागच्या बाजूला घेऊन जावे आणि रंगवणाऱ्या नटांना विचारून एका कोपऱ्यात उभे करावे. माझ्या मुलीने तिथे राक्षसाच्या भुवया काळ्या होताना पाहिल्या, तोच राक्षस कपातल्या चहात बिस्किट बुडवताना पाहिला, आणि नंतर मंचावर तो तलवारीने पडला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "आता उठून परत चहा पिणार." त्यानंतर टीव्हीवर रक्त दिसले की "हा कुठला रंग?" हा तिचा पहिला प्रश्न झाला. "ते खोटे आहे" असे मी शंभरदा सांगून जे साधले नव्हते, ते त्या तासाभरात साधले. सातच्या खालच्या मुलाला मात्र राक्षसाच्या फार जवळ नेऊ नये. रंगलेला चेहरा अंगावर आला की तेच मूल रात्रभर रडते.

बातम्यांतल्या खऱ्या हिंसेला ही युक्ती लागू नाही. तिथे मुलाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: हे कुठे झाले, ते आपल्यापासून किती लांब आहे, आणि मदत करणारी माणसे तिथे काय करत आहेत. जवळच घडले असेल तर लांब आहे असे खोटे सांगू नये.

## टप्पा ७: नको ते पाहिलेच, तर

कितीही केले तरी हे एकदा होतेच. माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका मालिकेत न्हाणीघराच्या दाराआडून कोणीतरी हात पकडतो असा प्रसंग तिने पाहिला. त्या रात्री ती न्हाणीघरात जाईना. मी म्हटले, "काही नसते तिथे, जा." दुसऱ्या रात्री दिवा लावून दिला आणि तेच म्हटले. तिसऱ्या रात्री तिने अंथरुणातच लघवी केली आणि मी रागावले. या तीन रात्रींत मी तीन चुका केल्या: भीती नाकारली, तिला एकटीला पाठवले, आणि भीतीच्या परिणामाची शिक्षा केली.

योग्य क्रम असा आहे. टीव्ही शांतपणे बंद करावा; झडप घालून बंद केल्यास मोठेही घाबरले आहेत असे मुलाला वाटते. जवळ घ्यावे, पाणी द्यावे, आणि लहान मुलाला आधी स्पर्शाने स्थिर करावे, समजावणे नंतर. मग त्याने काय पाहिले ते त्याच्याच शब्दांत ऐकावे, मध्ये सुधारू नये. पुष्कळदा मुलाने पाहिलेले आणि पडद्यावर घडलेले यांत बराच फरक असतो. त्यानंतर भीतीच्या जागी मुलासोबत जावे, दार त्याच्याकडून उघडवावे, आत काय आहे ते मोजावे: बादली, तांब्या, साबण. झोपण्यापूर्वीचा तास शांत ठेवावा. पुढचे दोन-तीन दिवस मूल तेच चित्र काढेल, तोच खेळ खेळेल; तो त्याचा पचवण्याचा मार्ग आहे, तो थांबवू नये. खेळात कोणाला लागत असेल तरच हस्तक्षेप करावा.

पडद्यावरची मारामारी मुलाने धाकट्या भावंडावर करून पाहिली, तर आधी मार खाल्लेल्या मुलाकडे जावे. मारणाऱ्याला दोन वाक्यांत सांगावे: त्याला लागले, आपल्या घरात मारत नाहीत. आणि हे सांगताना त्याला चापट मारू नये. मारामारीची शिकवण चापटीने पुसायला निघालेले पालक मी दर वर्षी बघते.

इशारा: भयानक स्वप्ने, शाळेत न जाण्याचा हट्ट, पुन्हा अंथरूण ओले करणे, खाणे सुटणे किंवा प्राण्यांना व लहान मुलांना मुद्दाम दुखवणे असे काही दोन-तीन आठवड्यांनंतरही चालू राहिले, तर सगळे टीव्हीवर ढकलून थांबू नये. घरात, वाटेत किंवा शाळेत मुलाला कोणी त्रास देत असेल ही शक्यता आधी तपासावी. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही शासकीय संस्था आहेत. फोनवर सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि मुलाला धोका असल्याचा संशय असेल तर चाइल्डलाइनचा १०९८.

## टप्पा ८: वाहिनीकडे तक्रार

"आपल्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार" म्हणून हा टप्पा बहुतेक जण सोडतात, आणि जे करतात ते रागाच्या भरात समाजमाध्यमावर लिहून मोकळे होतात. तिथे लिहिलेल्या मजकुरावर उत्तर देण्याचे बंधन वाहिनीवर नाही.

केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेनुसार मुलांसाठीच्या कार्यक्रमांत अपशब्द व उघड हिंसा नसावी, आणि मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत. करमणूक वाहिन्यांच्या स्वयंनियमनात, म्हणजे त्यांनी स्वतःच ठरवलेल्या नियमांत, प्रतिबंधित श्रेणीच्या कार्यक्रमांसाठी रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ ठेवलेली आहे. तक्रार याच मुद्द्यांना धरून करावी.

१. त्याच दिवशी लिहून ठेवावे: वाहिनी, कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, आणि प्रसंगाचे दोन ओळींत वर्णन. शक्य असल्यास पडद्याचा फोटो घ्यावा.

२. वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याचा पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो.

३. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येते, आणि तिने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याच्या वर माहिती व प्रसारण मंत्रालयाची पायरी आहे.

इशारा: "संस्कृती बिघडते" असे मोघम लिहू नये. "अमुक तारखेला सायंकाळी ७.२० वाजता, मुलांच्या कार्यक्रमाच्या मध्ये, गळा चिरण्याचे दृश्य असलेली झलक" असे लिहिलेल्या पत्राला उत्तर देणे वाहिनीला टाळता येत नाही.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी पुन्हा वही, आणि गणेशचवथीची सोय

दर तीन महिन्यांनी तीन दिवसांची नोंद पुन्हा करावी. मूल वाढते, मालिका बदलतात, नवे अ‍ॅप येते, आणि "अजिबात नको" ची यादी जुनी होते. काही कुलपे काढायचीही असतात. दहा वर्षांच्या मुलाला सहाव्या वर्षाचे नियम लावून ठेवले तर ते मित्राच्या घरी जाऊन बघते.

चवथीला मूळ घरी सगळे जमतात तेव्हा आपले नियम तिथे चालत नाहीत. वीस माणसांत टीव्ही सकाळपासून चालू असतो आणि मोठी चुलत भावंडे फोन घेऊन माडीवर बसलेली असतात. आल्यावर वाद घालण्यापेक्षा आधीच काकीला फोन करावा: "काकी, दुपारच्या चित्रपटाच्या वेळी मी मुलांना माटोळीच्या कामाला घेते, तेवढे तास टीव्ही बंद ठेवाल का?" माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीची फळे बांधायला, ओळखायला आणि मोजायला लहान मुले आनंदाने बसतात. माडीवरच्या फोनसाठी मात्र वेगळे बोलावे लागते, आणि ते त्या मोठ्या भावंडांशी थेट, त्यांच्या आईबापांना मध्ये न घालता. पंधरा वर्षांच्या मुलावर लहानग्याची जबाबदारी सोपवली तर ते सहसा ती नीट सांभाळते.

नंतर हीच भावंडे दोन दिवस आपल्या घरी राहायला येतात. ती परत गेल्यावर त्याच संध्याकाळी पिन बदलावा.